ओठांभोवती बोटॉक्स घेतल्यावर हसू वाकडं झालं तर

घाबरू नका, हे उतरतं. ओठांभोवतीचा परिणाम साधारण 2-3 महिन्यांत ओसरतो. हसताना खालचा ओठ एकाच बाजूला खाली येत नसेल, तर बहुधा हनुवटीजवळचं औषध शेजारच्या स्नायूत पसरलंय. वरच्या ओठात जास्त गेलं की स्ट्रॉने पिता येत नाही, चूळ भरताना पाणी गळतं, 'प-ब' अडखळतात.

सध्या एवढंच पाळा:

- 14 दिवस होईपर्यंत दुरुस्तीचं इंजेक्शन नको. परिणाम तोवर बदलत असतो.
- 'विरघळवून देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. हायलुरोनिडेज हे विरघळवणारं औषध फिलरवर (ओठ भरायला टोचतात त्या हायलुरोनिक ॲसिडच्या जेलवर) चालतं, बोटॉक्सवर नाही.
- ब्रँड आणि प्रत्येक जागेचे युनिट (औषधाचं माप) लिहून घ्या. वरच्या ओठाला बोटॉक्सचे एकूण 4-6 सहसा पुरतात. दुसऱ्या ब्रँडचे युनिट वेगळे.

गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा.