गाळाला गाव विचारण्याआधी

पोरी,

परवा घाटावर तू लॅपटॉप उघडून दाखवलास तेव्हा मी फार बोलले नाही. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या कोंग्सफिओर्ड या खाडीच्या तळच्या गाळाचे, उगम सांगणारे निओडिमियमचे आकडे दोन खडकांच्या मधे अडकलेत, आता मॉडेल चालवून कुठल्या खडकाचा किती वाटा याचे टक्के काढू का, असं विचारलंस. टक्के कशाचे काढणार? ते दोन्ही खडक तू कुणाच्या तरी तक्त्यातून उचललेत. आधी उगमाचा खडक हातात घे.

आपल्या कोल्हापूरकडचंच बघ. २०१९ च्या पुरानंतर ओट्यावर बसलेला गाळ कासारीचा की भोगावतीचा, हे सांगणं किती अवघड! दोघी बेसाल्टवरूनच येतात. काळ्या रानातलं स्मेक्टाइट, पन्हाळ्याच्या जांभ्यातलं केओलिनाइट, या दोन माती-खनिजांचा एवढाच धागा, आणि तोही वरची डोंगरकड पायाखाली घातलेल्यालाच सापडतो.

स्वालबार्डला तुझ्या हाती कितीतरी जास्त आहे. क्रोनेब्रीन आणि कोंग्सवेगेन या हिमनद्यांपुढचं पाणी लालसर, कारण तिथं डेव्होनियन काळातला लाल वालुकाश्म भरडला जातो. उत्तरेला ब्लोमस्ट्रांडचा संगमरवर, दक्षिणेला चुनखडक आणि फिलाइट हा पापुद्र्यांचा खडक. पण हिमनगात अडकलेला खडा बर्फ वितळेल तिथं तळाला जातो, म्हणून खडे वेगळे आणि दोन मायक्रॉनखालची अगदी बारीक माती वेगळी मोज. उगम ओळखायला वापरतात ते स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर कणाच्या आकारानंही बदलतं. बारीक गाळ अख्ख्या दगडाच्या पुडीशी ताडलास तर फसशील.

मी फसले. हिमोढावर, म्हणजे हिमनदीनं टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावर, उतरायला एक दुपार मिळाली होती, ती मी आणखी एका कोअरसाठी, म्हणजे तळात नळी खुपसून काढायच्या गाळाच्या नमुन्यासाठी, बोटीवर घालवली. खडकाचे आकडे दुसऱ्यांचे घेतले आणि पुढं अकरा वर्षं त्यांच्यासाठी भांडले. हवा बिघडत होती, तो कोअर पुन्हा मिळाला नसता, हे आजही सांगते. कोअर खरंच उत्तम निघाला. पण त्याच्याशी ताडायला मूठभर दगड माझ्याकडे नाहीत. उगमाचा खडक, पोरी. मी दुसरं काही सांगणार नाही.

विषय बदलायचा विचार सोड. गाईडना घाई असेल, असू दे. यंदा तिकडं जे जाणार आहेत त्यांना आजच लिही: प्रत्येक हिमनदीच्या तोंडाशी मूठभर गाळ, शेजारचा खडक, जागेची नोंद.

रविवारी सकाळी प्रयाग चिखलीला ये. पिशव्या मी आणते. संगमाच्या वर दोन्ही नद्यांची माती वेगवेगळी भरू, तुझा हात बसेल.