वाचकांचे प्रश्न : नॅनो पावडर आणि छाती

प्रश्न : अंबड एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात मी नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडची पोती मिक्सरमध्ये ओततो. तोंडाला रुमाल बांधतो, सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकतो. छातीला धोका आहे का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : आहे. आधी ती कॉम्प्रेसरची हवा बंद करा. बसलेली पावडर त्याने पुन्हा उडते आणि थेट नाकात जाते. १०० नॅनोमीटरहून (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान कण फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचतात आणि तिथे सूज आणतात. उंदरांमध्ये जास्त मात्रेने गाठीही झाल्या आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने साध्या पावडरीसाठी दर घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम, तर अतिसूक्ष्म म्हणजे नॅनो पावडरीसाठी फक्त ०.३ मिलिग्रॅम मर्यादा सुचवली आहे.

रुमालाचा उपयोग नाही. एन-९५ मास्क घ्या. बारीक कण त्यातून निसटतात हा गैरसमज आहे. फिल्टरचे तंतू त्यांना धरतात, गळती होते ती कडेने. दाढीचे खुंट असले तरी मास्क नीट बसत नाही.

पोते मिक्सरच्या तोंडाशी टेकवून हळू ओता, उंचावरून नको. तिथेच धूळ ओढणारा एक्झॉस्ट हवा. छतावरचा पंखा धूळ फक्त पसरवतो. सांडलेले ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे घरी नेऊ नका. पावडर रेझिनमध्ये (रंगातल्या चिकट द्रवात) मिसळली की धोका बराच कमी होतो, पण वाळलेला रंग घासताना मास्क पुन्हा लावाच.

कामगार विम्याचे (ईएसआय) कार्ड असेल तर सातपूरच्या ईएसआयसी रुग्णालयात दाखवा. डॉक्टरांना पावडरीचे नाव सांगून स्पायरोमेट्रीबद्दल, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजणाऱ्या चाचणीबद्दल, विचारा.