सासू-सासरे येताहेत, उन्हाळ्याचं काय करू?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सी राज्याच्या मध्य भागात राहतो. तिकिटांचे भाव बघून यंदा पुण्याला जाणं रद्द केलं आणि सासू-सासऱ्यांनाच इकडे बोलावलं. जून ते सप्टेंबर राहतील. मागच्या खेपेला आम्ही दर वीकेंडला त्यांना कुठे ना कुठे फिरवलं. तरी निघताना सासरे म्हणाले, "सगळं छान आहे गं, पण इथे माणूस दिसत नाही." मुलं दहा आणि सहा वर्षांची आहेत. शेजाऱ्यांशी हाय-हॅलोपलीकडे ओळख नाही. यंदा काय वेगळं करावं? आणि आंब्यांचंही सांगा.
– एक सून, मिडलसेक्स काउंटी

उत्तर: निदान तुमच्या सासऱ्यांनी केलेलंच आहे, मी फक्त औषध लिहून देते.

सहली निम्म्यावर आणा. निअ‍ॅगारा झाला, वॉशिंग्टन झालं, लिबर्टीच्या पुतळ्यासमोर फोटो झाले. खरी पंचाईत सोमवार ते शुक्रवारची असते. तुम्ही दोघं लॅपटॉपसमोर, मुलं कॅम्पला, आणि पुण्यात दूधवाल्यापासून संध्याकाळच्या कट्ट्यापर्यंत दिवसभर कुणा ना कुणाशी बोलणारा माणूस इथे खिडकीतून लॉन कापणाऱ्याला बघत बसतो. त्यांना रोज चालत जाता येईल अशी जागा हवी, ओळखीचा एखादा चेहरा हवा आणि हाताला काम हवं. वीकेंडला तीन तास गाडीत बसवून यातलं काहीच मिळत नाही.

सुरुवात घराच्या पुढच्या बाजूनं करा. आपण सगळे मागच्या डेकवर बसतो. तिथे फक्त खारी भेटतात. माणसं पुढून जातात. जूनअखेरीला इथे साडेआठला सूर्य मावळतो, म्हणजे सातला जेवणं उरकली तरी पुढे तास-दीड तास उजेड आहे. गॅरेजचं दार उघडं टाका, ड्राइव्हवेवर चार घडीच्या खुर्च्या मांडा, आणि तिसरी-चौथी खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवा. कुत्रा फिरवणारे रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं जातात. सासऱ्यांना सांगा, माणसाआधी कुत्र्याचं नाव विचारायचं. मालक हमखास थांबतो. इंग्रजीची अडचण वाटत असेल तर स्टुलावर कॅरमबोर्ड ठेवा. स्ट्रायकर कुणाच्याही हातात दिला की तो खेळतोच. मुलांना लगोरी शिकवा. होम डेपोत मिळणाऱ्या फरशीचे सात चपटे तुकडे आणि एक टेनिसचा चेंडू, बास. शेजारची मुलं न बोलावता येतील.

आता सासूबाई. त्यांना "तुम्ही आराम करा" असं कृपा करून म्हणू नका. चार महिने आराम ही शिक्षा आहे. त्यांच्याकडून वाळवण करून घ्या. गव्हाच्या चिकाच्या कुरडयांच्या फंदात मात्र पडू नका. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा वास सेंट्रल एसीतून थेट बेडरूमपर्यंत पोचतो. साबुदाण्याच्या पळीपापड्या आणि बटाट्याचा कीस एवढंच ठरवा. जर्सीत ऊन कडक असतं, पण जुलैची हवा दमट, त्यामुळे नुसता तापमानाचा आकडा बघून घाट घातलात तर पापड्यांना बुरशी येईल. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये ड्यू पॉइंट, म्हणजे दवबिंदू बघा, हवा किती दमट आहे ते त्यावरून कळतं. तो ५५ फॅरनहाइटच्या खाली असेल असे लागोपाठ दोन-तीन दिवस गाठायचे. मोठं वादळ होऊन गेलं की पुष्कळदा अशी कोरडी हवा मिळते. रात्री भिजवलेला साबुदाणा सकाळी पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, मीठ-जिरं घालायचं आणि डेकवर अंथरलेल्या प्लास्टिकवर पळीपळीनं घालायचा. पळी दहा वर्षांच्या पोराच्या हातात द्या. पापड्या वाकड्या होऊ देत, तळल्यावर कुणाला कळतंय? वर जुनी नायलॉनची साडी ताणून बांधा, नाहीतर खारी मेजवानी झोडतील. दुपारी कडा सुटायला लागल्या की अर्धवट ओल्या, चिवट पापड्या पळवण्याचा मुलांचा हक्क आहे. तो आजीनं ओरडायचा आव आणत मान्य करायचा. पुढच्या अंगणात मात्र वाळवण घालू नका, तुमच्या वसाहतीची असोसिएशन असेल तर पत्र येईल.

फिरायला नेणारच असाल तर ब्लूबेरी तोडायला न्या. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत जर्सीतल्या शेतांवर बादली हातात देतात आणि आपण आपली फळं तोडून वजनावर पैसे द्यायचे. सासऱ्यांना गोष्ट सांगायला हवी असेल तर ती इथलीच आहे. आज बाजारात मिळणारी टपोरी ब्लूबेरी याच राज्यातल्या व्हाइट्सबॉगची. एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी रानाची माहिती असलेल्या लोकांना सर्वांत मोठ्या फळांची रानटी झुडपं दाखवायला सांगितली, त्याचे पैसे दिले आणि फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मदतीनं त्यांचा संकर केला. १९१६ साली लागवडीचं पहिलं पीक विकलं गेलं. करवंदांच्या जाळीत हात घालून वाढलेल्या माणसाला हे सांगून बघा, मग ते झुडूप सोडणार नाहीत. भर दुपारी मात्र नको, सकाळी उघडल्या उघडल्या जा.

शेजाऱ्यांना जेवायला बोलावताना आपण एक घोळ घालतो. पंधरा पदार्थ करतो, दमतो आणि त्यांना हात हलवत यायला सांगतो. मग त्यांना पुन्हा यायचा संकोच वाटतो. त्यापेक्षा काहीतरी मागा. समोरच्यांकडे ग्रिल असेल तर तासभर उसना मागा आणि त्यावर कणसं भाजा. जुलै-ऑगस्टमधला जर्सीचा मका कोवळा आणि गोड असतो. लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून कणसावर चोळायचं काम सासूबाईंचं. तुम्ही शाकाहारी असलात तर जाळीवर फॉइल अंथरा आणि तसं सरळ सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. सोबत कैरीचं पन्हं ठेवा. एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या: दाण्याचं कूट. साबुदाणा वडे, काकडीची कोशिंबीर, चटणी, आपलं निम्मं जेवण शेंगदाण्यावर चालतं आणि इथे काही मुलांना त्याची जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी असते. भांड्यासमोर इंग्रजीत ठळक चिठ्ठी लावा आणि ते चमचे वेगळे ठेवा.

ओळखी वाढल्या की ब्लॉक पार्टी, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांची रस्त्यावरच पार्टी. रस्ता बंद करायला टाउनशिपची परवानगी लागते. बहुतेक ठिकाणी अर्ज काही आठवडे आधी द्यावा लागतो आणि त्यावर शेजाऱ्यांच्या सह्या मागतात. सह्या गोळा करायला सासऱ्यांना नातवाबरोबर पाठवा. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला दारोदार जायची भीती नसते.

बाकीचं भराभर सांगते. लायब्ररीचं समर रीडिंग फुकट आहे, नातवंडांबरोबर आजोबांनाही बसू द्या. एडिसनच्या रूझवेल्ट पार्कात उन्हाळ्यात उघड्यावर नाटकं होतात, खुर्ची आपली आपण न्यायची. भाषा कळली नाही तरी नाटकवेड्या माणसाला ती रात्र आवडते. चार जुलैला मोठ्यांनी हातातल्या फुलबाज्या लावायला हरकत नाही, राज्यानं २०१७ पासून परवानगी दिली आहे. बाण आणि सुतळी बॉम्ब मात्र बेकायदा. जूनअखेरीला रात्री मागच्या अंगणातले दिवे मालवा, काजवे दिसतात. त्यासाठी पुण्याहून भंडारदऱ्याला गाडी काढावी लागते, इथे चपला घालून मागच्या दारी आलं की झालं. गवतातून आल्यावर मात्र सगळ्यांचे पाय, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि मुलांचे केस तपासा. इथल्या गोचिडांच्या चाव्यातून लाइम नावाचा जिवाणूंचा आजार होतो, आणि "मुंगी चावली असेल" म्हणून सोडून देण्यात आपली ज्येष्ठ मंडळी तरबेज असतात.

आणि आंबे. भारतातून आंबा यायला २००७ साली परवानगी मिळाली. विकिरण करून, विमानानं येतो, म्हणून भाव तसा. हापूसची पेटी हवी असेल तर एप्रिल-मेमध्येच सांगून ठेवा. जूनमध्ये सासूबाई उतरतील तेव्हा हंगाम सरत आलेला असेल आणि त्यांनी तिकडे तो खाल्लेलाच असेल. तेव्हा हापूस तुम्हीच मुलांबरोबर गुपचूप संपवा. नंतर मेक्सिकोचा पिवळा अताउल्फो आणा. त्याला रेषा कमी, गोडी चांगली, आमरस झकास होतो. वर चिमूटभर वेलची टाका आणि कुठला आंबा ते सासऱ्यांना जेवण होईपर्यंत सांगू नका.