प्रश्न तुमचे : व्हॅम्पायरच्या थडग्यात काय सापडायचं?

प्रश्न : सर्बियात व्हॅम्पायर समजून उकरलेली प्रेतं खरोखरच ताजी निघाली, तीही सरकारी अधिकाऱ्यासमोर. मग ही निव्वळ दंतकथा कशी?

उत्तर : पाहिलेलं बरंचसं खरं होतं, लावलेला अर्थ चुकला. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात आठवडाभरात नऊ माणसं दगावली. संशय गेला दहा आठवड्यांपूर्वी पुरलेल्या पेतर ब्लागोयेविचवर. तो भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीत होता, म्हणून थडगं उघडताना फ्रॉमबाल्ड हा त्यांचा अधिकारी हजर होता. केस-दाढी वाढलेली, जुनी कातडी सुटून खाली नवी आलेली, नखंही नवी, तोंडात रक्त, असं त्याने लिहून ठेवलं.

या सगळ्या कुजण्याच्याच खुणा आहेत. वरची त्वचा सुटली की खालचा थर ओलसर, कोवळा दिसतो. नखं गळून पडतात, मागे राहिलेली जागा नव्या नखासारखी भासते. केस मात्र वाढत नाहीत. कातडी सुकून आक्रसते आणि दाढीचे खुंट जास्त बाहेर दिसतात. पोटात वायू साठला की त्याच्या दाबाने काळपट-तांबडा द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. 'रक्त पिऊन टम्म फुगलाय' हा समज इथलाच. व्हॅम्पायरला संपवायला अशा देहात खुंटा ठोकला की द्रव उसळतो आणि वायू कंठातून निसटला तर कण्हल्यासारखा आवाजही येतो.

राहिला प्रश्न, दहा आठवड्यांनंतरही देह ताजा कसा दिसला याचा. न्यायवैद्यकात कॅस्परचा ठोकताळा आहे : उघड्यावर एका आठवड्यात प्रेत जेवढं कुजतं, तेवढं कुजायला पाण्यात दोन आणि मातीत आठ आठवडे लागतात. म्हणजे पेतरचा देह उघड्यावरच्या सुमारे नऊ दिवसांच्या देहाइतकाच बदललेला असणार. थंडीने, खड्ड्याच्या खोलीने हा हिशेब आणखी लांबतो. गावकऱ्यांना खुळे ठरवणं आम्हाला मुळीच पटत नाही. पुरलेलं प्रेत टप्प्याटप्प्याने कसं बदलतं, हे पाहायची वेळ त्यांच्यावर एरवी येणार कुठून?

प्रश्न : या समजुतीमागे पॉर्फिरिया हा आजार होता का?

उत्तर : नाही. पॉर्फिरियात रक्तातलं लाल द्रव्य नीट बनत नाही आणि त्याच्या काही प्रकारांत उन्हाने त्वचा भाजते. ही कल्पना १९८५ मध्ये फार गाजली, पण रक्त पिऊन पॉर्फिरियाला उतार पडत नाही. शिवाय लोककथेतला व्हॅम्पायर उन्हाने भाजत नव्हता. क्षयरोगाचा संबंध मात्र पक्का आहे, निदान अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्ये. एकाच घरात एकामागून एक माणसं खंगत जायची आणि आधी गेलेलाच उरलेल्यांचं सत्त्व ओढतोय असं वाटायचं. ऱ्होड आयलंडच्या एक्झेटरमध्ये जानेवारी १८९२ मध्ये मर्सी ब्राउन क्षयाने वारली. भर हिवाळ्यात तिची शवपेटी जमिनीवरच्या दगडी कोठीत होती, त्यामुळे मार्चमध्येही देह टिकून होता. फुप्फुसांत क्षय असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तरी हृदय आणि यकृत जाळून ती राख तिच्या आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला.

प्रश्न : उन्हाने व्हॅम्पायरची राख होते, हे कुठल्या लोककथेत आहे?

उत्तर : हे सिनेमातून आलं, 'नोस्फेरातू' या १९२२ च्या जर्मन मूकपटातून. त्याआधीच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला व्हॅम्पायर काउंट ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते.