घेतली की कंबर मोकळी होते, मग सकाळी काय होतं?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. मी ढोलकीवाला, वय ४१, तमाशाच्या फडात वीस वर्षं झाली. सहा-सात वर्षांपासून कंबर धरते, आधी सीझन संपला की थांबायची आता बारमाही झालीये. एक्सरे काढला तर मणक्यात गॅप आहे म्हणाले, पट्टा दिला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. खरं सांगायचं तर रोज एक क्वार्टर लागते, यात्रेच्या दिवसांत जास्त. घेतली की कंबर मोकळी होते आणि मग पहाटेपर्यंत वाजवू शकतो. पण सकाळी उठवत नाही, पँट घालताना उजवा पाय उचलत नाही, जांघेत कळ येते. तळपायाला मुंग्या येतात. सकाळी हात थरथरतो, थोडी घेतली की थांबतो. घरचे, डॉक्टर सगळे म्हणतात दारू सोड. कंबर माझी ढोलकीमुळे गेलीये, दारूचा काय संबंध? आणि दसऱ्याला सीझन सुरू होतो तोपर्यंत बरा होईन का?
– एक ढोलकीवाला, जुन्नर तालुका

उत्तर : दादा, पत्र मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलं, नाहीतर आमच्याकडे येणारे लोक कंबर दाखवतात आणि बाटली घरी ठेवून येतात.

पहिलं तुमचं बरोबर आहे ते सांगतो. ढोलकीमुळे कंबर जाते, जातेच. ढोलकी कमरेला बांधायची, वजन पुढे, अंग एका बाजूला वळलेलं, नाचणारीच्या पायाकडे लक्ष ठेवून तासन्‌तास उभं राहायचं आणि खेळ संपला की सामानाच्या ट्रकमध्ये पेट्यांवर बसून पुढच्या गावाला. अशाने कुणाचीही कंबर धरेल. आणि ते 'गॅप आहे' प्रकरण डोक्यातून काढा, चाळिशीनंतर एक्सरे काढला तर ज्यांचं काहीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या मणक्यात तेच दिसतं.

आता दारूचं. घेतली की दुखणं कमी होतं हे खोटं नाही, दारू मेंदूला दुखण्याची खबर नीट पोचू देत नाही. पण शरीर सवय करून घेतं, म्हणून पूर्वी दोन पेगात मोकळी होणारी कंबर आता क्वार्टर मागते. क्वार्टर म्हणजे १८० मिली, व्हिस्की किंवा रम असेल तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध दारू झाली. आणि नशा उतरताना मेंदू उलटा जास्तच तरतरीत होतो, त्यामुळे झोप लागते लवकर पण मध्येच मोडते, स्नायू सैल पडायचे ते पडत नाहीत, आणि तेच दुखणं सकाळी दुप्पट वाटतं. म्हणजे सकाळची जी कळ तुम्ही ढोलकीच्या नावावर लिहिता, त्यातली बरीचशी रात्रीच्या बाटलीची आहे. ती घालवायला परत संध्याकाळी तेच औषध. बाकी तळपायाच्या मुंग्या, त्या कंबरेतली नस दाबून येऊ शकतात, पण रोजच्या दारूने बी-१ सारखी जीवनसत्त्वं कमी पडून नसा खराब होतात त्यानेही येतात.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, ते जांघेतल्या कळेचं. कंबरेचं दुखणं सहसा ढुंगणात, मांडीच्या मागून पायात उतरतं. जांघेत कळ, पँट-मोजे घालताना पाय न उचलणं, मांडी घालून बसता न येणं (बसून बघा, उजवी मांडी डावीसारखी खाली टेकते का), हे खुब्याचं लक्षण आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्यांमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो गोळा आतून मरायला लागतो. स्टेरॉइडनेही असंच होतं, तेव्हा ताकदीची म्हणून किंवा दुखण्यावर कोणी सारखी इंजेक्शनं दिली असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. सुरुवातीला साध्या एक्सरेत हे दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि तोही मणक्याचा नाही, दोन्ही खुब्यांचा. लवकर सापडलं तर गोळा वाचवायचा प्रयत्न करता येतो, खचला की सांधा बदलायची वेळ येते. तुम्हाला हेच झालंय असं मी पत्रावरून म्हणत नाहीये, पण सहा वर्षं सगळे कंबरेकडे बघतायत आणि खुबा कुणी हलवून बघितला नसेल तर ते मला पटत नाही.

गोळ्या कुठल्या ते लिहिलं नाहीत. डायक्लोफेनॅक असेल तर ती आणि दारू मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, शी डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. पॅरासिटामॉल दारूबरोबर जास्त घेतली तर लिव्हरला धोका. आणि ट्रॅमाडॉल किंवा प्रेगाबॅलिन असेल तर दारूवर ती अजिबात नको, झोपेत श्वास मंदावतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी तुमच्या घरच्यांच्या विरुद्ध जातोय. उद्यापासून एकदम बंद करू नका. सकाळी हात थरथरतो आणि घेतली की थांबतो, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाने आपल्या मनाने तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, त्यात माणसं दगावतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ ची इंजेक्शनं घेऊन सोडायची. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाला विचारा, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन करा, सरकारी आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पट्टा दिवसभर बांधून ठेवू नका, पडून राहू नका, रोज चाला, खुबा ठीक निघाला तर फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे आणि पोटाचे व्यायाम शिकून घ्या. फडात दुसरा ढोलकीवाला असेलच, आलटून पालटून वाजवा. लघवी अडली, जांघांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळं पडलं तर मात्र थांबू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल.

दसऱ्याचं विचारलंत. नुसती कंबर असेल आणि दारू सुटली तर काही महिन्यांत बराच फरक पडतो, ढोलकी सोडायची गरज नाही. खुबा असेल तर हिशोब वेगळा, कदाचित हा सीझन जाईल. म्हणून एमआरआयचा रिपोर्ट हातात येईपर्यंत फडमालकाकडून उचल घेऊ नका. एकदा घेतली की तुम्ही पाय ओढत का होईना वाजवणार, हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही.