हॅमर गन घेण्याआधी: इंग्लंडला येणाऱ्यासाठी

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी नोकरीसाठी लेस्टरला येताय. घरात पणजोबांच्या वेळची, बार उडवणारे घोडे (हॅमर) बाहेर असलेली दुनळी, म्हणजे हॅमर गन, आहे. ती सोबत आणावी का, आणि तसल्या जुन्या ब्रिटिश बंदुकांनी इथे बदकांची शिकार खरंच करता येते का, असं विचारलंत. करता येते, आणि अगदी कायद्यात राहून. मी नॉरफकच्या किनाऱ्याजवळ राहतो आणि बरीच वर्षं हाच नाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पणजोबांची बंदूक तिथेच राहू द्या. तिला शंभर वर्षं झाली असतील तर १९७२च्या कायद्याप्रमाणे ती पुरावस्तूत मोडते आणि खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. निघण्याआधी परवाना असलेल्या वारसाच्या नावावर रीतसर करा, नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात जमा करा. आईवडिलांच्या भरवशावर कपाटात ठेवून मात्र येऊ नका. चौकशी झाली तर त्यांना धावपळ करावी लागेल.

इथे शॉटगन सर्टिफिकेट पोलिस देतात, पाच वर्षांसाठी. डॉक्टरकडून तब्येतीची माहिती जाते, अधिकारी घरी येऊन बोलतो, भिंतीला पक्कं ठोकलेलं पोलादी कपाट बघतो. भारतातून निघताना पासपोर्ट कार्यालयातून पोलिस क्लिअरन्स घेऊन ठेवा, तो उपयोगी पडेल. एकदा सर्टिफिकेट मिळालं की त्यावर कितीही बंदुका ठेवता येतात, फक्त प्रत्येक खरेदी सात दिवसांत पोलिसांना कळवायची. 'अँटिक आहे, कागद लागत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टमधली ती सूट शोभेसाठी ठेवलेल्या वस्तूला आहे. बार काढायचा म्हटलं की सर्टिफिकेट लागतंच. आणि नेहमीची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी मोठी) सेंटरफायर, म्हणजे तळाच्या मधोमध ठिणगी पाडणारी टोपी असलेल्या काडतुसाची बंदूक, कितीही जुनी असली तरी त्या सुटीत बसत नाही.

आता बंदूक. १८६१मध्ये लंडनचे बंदूक कारागीर जॉर्ज डॉ (Daw) यांनी सेंटरफायर काडतूस बाजारात आणलं, १८६७मध्ये स्टँटन यांनी बार झाल्यावर घोडा आपोआप मागे येणाऱ्या लॉकचं (घोड्यामागच्या यंत्रणेचं) पेटंट घेतलं, आणि १८७५मध्ये अँसन-डीली यांची बिनघोड्याची यंत्रणा आली. हॅमर गनचा सुवर्णकाळ साधारण या टप्प्यातला, पण लोकांनी तिला पुढेही सोडलं नाही. पंचम जॉर्ज तर हॅमरलेसच्या काळातही लंडनच्या पर्डी कंपनीच्या हॅमर गनच वापरत राहिले. मला स्वतःला लंडनच्या बड्या नावांपेक्षा बर्मिंगहॅमच्या आणि छोट्या शहरांतल्या कारागिरांच्या बंदुका जास्त आवडतात. काम तेवढंच सुबक असतं आणि लिलावात काही शे पौंडांत मिळून जातात. दलदलीच्या शिकारीत खास नाव मिळवलेले बंदूक कारागीर म्हणजे टॉली आणि ब्लँड. त्यांच्या दहा आणि आठ बोअरच्या बंदुका बघायला मिळाल्या तर जरूर बघा, पण सुरुवात बारा बोअरनेच करा. मोठ्या बोअरची काडतुसं मिळवता मिळवता दमायला होतं.

घेताना नाव नंतर वाचा, आधी नळ्या बघा. नळ्या काढून उलट्या करा, खालच्या सपाट भागावर प्रूफचे शिक्के असतात. लंडन आणि बर्मिंगहॅम इथल्या प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाचा बार करून नळी तपासतात, आणि प्रूफ गेलेली (आता त्या कसोटीत न बसणारी) बंदूक विकणं इथे गुन्हा आहे. जुने शिक्के बहुधा फक्त जुन्या, काळ्या बंदुकीच्या दारूसाठीचे असतात. आजच्या काडतुसांसाठी नंतर नायट्रो प्रूफ (आधुनिक, धूररहित दारूसाठीची तपासणी) झालेलं हवं. मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून नळीची जाडी मोजून घ्या. सगळ्यात पातळ जागी इंचाचे वीस सहस्रांश (०.०२० इंच) ही बहुतेक जण सांगतात ती मर्यादा. त्याखाली असेल तर कितीही देखणी असो, सोडून द्या. दमास्कस नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या असतात. त्यावरची नक्षी बघून भान हरपतं, पण आतून गंजाचे खड्डे आहेत का ते उजेडाकडे धरून बघाच. चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाची, लांबीही विचारा. बहुतेकांची अडीच इंच असते. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसतं, आणि बसतं हाच धोका आहे, कारण बार होताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा नसली की दाब भलताच वाढतो.

छर्ऱ्यांचं नीट समजून घ्या. इंग्लंडमध्ये बदकं आणि रानहंसांवर (इंग्रजीत गूज) शिशाचे छर्रे १९९९पासून बंद आहेत. बंदी योग्यच होती. तळाशी पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलादी छर्रे स्वस्त, पण या जुन्या नळ्यांना ते चालत नाहीत. म्हणून बिस्मथ या धातूचा छर्रा घ्यायचा. शिशाहून थोडा हलका असल्याने एका नंबराने जाड छर्रा घेतात. अडीच इंची काडतुसात एक औंसाच्या आसपास छर्रे पुरतात. किंमत चांगलीच आहे, त्यामुळे पस्तीस यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही ही शिस्त लावून घ्या. पक्षी जखमी होऊन निघून जाण्यापेक्षा हात आवरलेला बरा.

घोड्यांची सवय घरीच, रिकाम्या बंदुकीवर करा. गारठलेल्या, ओल्या अंगठ्याखालून घोडा निसटतो. पक्षी टप्प्यात येईपर्यंत घोडे चढवायचे नाहीत. पक्षी फिरला आणि घोडे उतरवायचे असतील तर आधी बंदूक उघडायची, काडतुसं काढायची, मग एकेक घोडा अंगठ्याने हळू खाली आणायचा. भरलेल्या नळीवर कधीही नाही. बार झाल्यावर घोडा मागे न येणारं जुनं लॉक असेल तर उघडण्याआधी तो अर्ध्या खाचेवर (अर्धा चढवून) घ्यावा लागतो, नाहीतर घोड्याच्या माराने पुढे गेलेली पिन काडतुसाच्या टोपीत अडकून राहते. चिखलात तोल गेला तर उठल्यावर पहिलं काम म्हणजे नळीत चिखल गेलाय का ते बघणं. चिखलाच्या बोळ्याने नळी फाटते. घरी आल्यावर खारं पाणी पुसून तेल लावल्याशिवाय जेवायला बसू नका.

शिकार कुठे? समुद्रकाठची जमीन बहुतेक ठिकाणी क्लबांकडे असते, आणि ते बरेचदा क्राउन इस्टेटकडून (राजगादीच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था) भाड्याने घेतात. क्लबात नवख्याबरोबर सहसा जुना सभासद देतात. हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, भरतीच्या रेषेखाली २० फेब्रुवारीपर्यंत. बदकांत मॅलर्ड, टील, विजन, आणि आपल्याकडे नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात दिसणारे तलवार बदक आणि थापट्या, हे चालतात. रानहंसांत पिंक-फूटेड, ग्रेलॅग आणि कॅनडा. ब्रेंट आणि बार्नॅकल संरक्षित आहेत, म्हणून अर्ध्या उजेडात आवाजावरून ओळखायला शिका. वॉशच्या खाडीत पिंक-फूटेड आइसलंड, ग्रीनलंडहून येतात. पहाटे चिखलावरून उठून शुगर बीटच्या शेतांकडे जातात. तिथे भरती समोरून नाही, मागच्या ओहळांतून चढते. भरतीचं वेळापत्रक, होकायंत्र आणि घरी सांगून ठेवलेली परतीची वेळ, याशिवाय पाऊल टाकू नका. मारलेला रानहंस विकता येत नाही, खायचा किंवा द्यायचा. विजन गवत खाणारं, त्याचं मांस फार चवदार. आमच्याकडे त्याचा कांदा-खोबऱ्याचा रस्सा होतो.

सर्टिफिकेट येईपर्यंत काही महिने जातील. तोवर मातीच्या तबकड्यांच्या रेंजवर जा. पोलिसांची मान्यता असलेल्या रेंजवर परवान्याशिवायही देखरेखीखाली बार काढू देतात. कुणाकडे हॅमर गन दिसली तर खांद्याला लावून बघू का, असं मोकळेपणाने विचारा, लोक आवडीने देतात. त्या काळातल्या दस्त्यांना उतार जास्त असतो. तुमच्या मानेला आणि गालाला तो बसतो की नाही हे तिथेच कळेल, आणि मगच लिलावाच्या याद्या उघडा.