दानाबद्दलचं सुभाषित रोज म्हटल्याने खरंच काही फरक पडतो का?

हो पडतो, पण कोणतं सुभाषित आणि कधी म्हणता यावर आहे सगळं. 'शतेषु जायते शूरः' आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेपासून पाठ असतं, शंभरात एक शूर, हजारात एक पंडित, दहा हजारात एक वक्ता आणि दाता मात्र मिळेल न मिळेल. छानच आहे, पण त्यात दात्याचं कौतुक आहे, ते म्हणून माझा तरी हात खिशात जात नाही. मी म्हणते ते हितोपदेशातलं:

उपार्जितानां वित्तानां त्याग एव हि रक्षणम् ।
तडागोदरसंस्थानां परीवाह इवाम्भसाम् ॥

म्हणजे कमावलेला पैसा राखायचा तर देत राहायचं, तळ्यात साठलेल्या पाण्याला जसा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, लागतो तसं. आणि हे कोण कोणाला सांगतंय बघा, मंथर कासव हिरण्यक उंदराला! हा उंदीर संन्याशाच्या मठात बीळ करून राहायचा, खुंटीवरच्या भिक्षापात्रापर्यंत उडी मारून अन्न पळवायचा, आणि ती ताकद कुठली तर बिळात साठवलेल्या धनाची. संन्याशाने बीळ खणून धन काढून नेलं आणि उंदराची उडीच संपली. कासव त्याला स्पष्ट सांगतं, अति साठवलंस त्याचा हा दोष.

मला हे पटतं कारण आमच्या गावाकडे मातीच्या बांधाचा पाझर तलाव आहे. मातीच्या बांधावरून पाणी जायला लागलं की माती कापली जाते आणि बांध फुटायला वेळ लागत नाही, म्हणून पावसाळ्याआधी सांडव्यात वाढलेली झुडपं तोडून, अडकलेला कचरा ओढून वाट मोकळी करतात. पण सांडव्याने तळं रिकामं होत नाही हं, त्याची पातळी ठरलेली असते, खालचं पाणी तळ्यातच राहतं. म्हणून 'सगळं देऊन टाका' असा अर्थ मी घेत नाही. घरभाडं, आईची औषधं, अडीअडचणीला ठेवलेले पैसे हे माझं खालचं पाणी. ती पातळी कुठे ते आधी शांतपणे ठरवा, नाहीतर पगार वाढला की तीही वर सरकत जाते.

मी हा श्लोक देवापुढे नाही, पगार जमा झाल्याचा मेसेज आला की म्हणते आणि लगेच आमच्या कामवाल्या ताईंच्या मुलीच्या क्लासची फी पाठवून देते, कारण दोन दिवस थांबलं की मन फाटे फोडतं, पुढच्या महिन्यात बघू, आधी मोबाईल घेऊ वगैरे. आणि अजून एक, यात देणाराच सुरक्षित होतो असं सांगितलंय त्यामुळे आपण कोणावर उपकार करतोय ही भावना येत नाही, मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

पाठ करायला सोपा आहे, अनुष्टुभ छंद, आठ-आठ अक्षरांचे चार चरण. 'इवाम्भसाम्' पाशी अडखळलात तर आधी 'इव अम्भसाम्' असं सुटं म्हणून बघा, मग जोडा.